क्यूजीआयएस : गटांचे पॉलिगॉन एकमेकांवर चढतायत, मध्ये फटी पडतायत

कृष्णाकाठ (ता. पलूस)

मंडळी, नमस्कार.

गावाचा गटवार नकाशा क्यूजीआयएस या नकाशाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये करायला घेतलाय. ग्रामपंचायतीला तो पुरासाठी हवाय. २०१९ ला आणि २०२१ ला पाणी कुठल्या गटात कुठवर चढलं होतं ते कागदावर असलं तर पुढच्या खेपेला पंचनाम्याच्या वेळी वाद कमी होतील, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. जुना गावनकाशा स्कॅन केला. तीन गावांच्या शिवा जिथं मिळतात तिथले दगड, कालव्यावरचा जुना पूल, देवळाचा चौथरा असे बिंदू धरून जिओरेफरन्सिंग केलं, म्हणजे स्कॅन पृथ्वीवरच्या खऱ्या जागी बसवला. आता एकेक गट पॉलिगॉन म्हणजे बंद आकार म्हणून काढतोय.

घोळ इथं सुरू होतो. शेजारचा गट काढायचा म्हणजे तोच बांध परत क्लिक करत जायचं. वरून बघितलं तर झकास दिसतं, पण जवळ गेलं की कुठं बारीक फट, कुठं एकाचा कोपरा दुसऱ्याच्या रानात. सगळ्या गटांची बेरीज गावाच्या एकूण क्षेत्राशी बसत नाही. मधूनच कृष्णा कालवा गेलाय आणि काही गट कालव्याच्या दोन्ही अंगाला आहेत. ते एक पॉलिगॉन करायचे का दोन?

आणखी एक. फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये क्षेत्र काढलं की एक आकडा येतो, मोजपट्टीच्या टूलनं मोजलं की दुसरा. एकराला जवळपास चार गुंठ्यांचा फरक! आमच्याकडं चार गुंठ्यांवरून कोर्टात गेलेली माणसं आहेत.


नकाशेवाला (कराड)

क्षेत्राचं आधी सांगा. फॉर्म्युला कोणता लावलाय आणि लेअरचा सीआरएस (निर्देशांकांची पद्धत) काय आहे? खाली उपग्रहाचं चित्र टाकलंय का?

फटींसाठी स्नॅपिंग चालू करा, म्हणजे नवा बिंदू जवळच्या जुन्या कडेला आपोआप चिकटतो. व्हर्टेक्स (कोपरा) आणि सेगमेंट (कड) दोन्ही, टॉलरन्स १०-१२ पिक्सेल. त्याच टूलबारवर टॉपोलॉजिकल एडिटिंगचं (सामाईक कड दोन्ही गटांत एकदम बदलणारं) बटण आहे, तेही दाबून ठेवा. आणि ‘अव्हॉइड ओव्हरलॅप’ लावलंत की नवा गट शेजारच्यावर खुशाल चढवून काढा, जास्तीचा भाग ते आपोआप कापून टाकतं.


कृष्णाकाठ

एरिया, कंसात जॉमेट्री, असा फॉर्म्युला. सीआरएस ३८५७ दिसतोय. मी काही निवडला नव्हता, उपग्रहचित्र टाकल्यावर आपोआप आला. ओव्हरलॅपचं करून बघतो.


नकाशेवाला

मग चार गुंठे तिथंच गेले.

३८५७ म्हणजे वेब मर्केटर. मोबाइलवरचे बहुतेक नकाशे त्याच्यावर चालतात, पण ते बघायला, मोजायला नाही. विषुववृत्तापासून जितकं लांब जाल तितका तो नकाशा ताणत जातो. सांगली साधारण १७ अंश उत्तरेला. इथं लांबी पाच टक्क्यांच्या आसपास वाढते आणि क्षेत्र जवळपास दहा टक्के. ४० गुंठ्यांचे ४४ झाले ते त्यामुळं. तुमचा फॉर्म्युला सपाट कागदावर मोजतो. मोजपट्टीचं टूल मात्र पृथ्वीची गोलाई धरून मोजतं, म्हणून ते बरोबर सांगतंय. डॉलर चिन्ह लावलेलं एरियाही गोलाई धरतं, फक्त प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये एलिप्सॉइड (पृथ्वीचा गोलसर आकार) निवडलेला पाहिजे.

लेअर ३२६४३ मध्ये आणा, म्हणजे यूटीएमचा ४३ वा उत्तर विभाग. तो ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशापर्यंत धावतो, सातारा-सांगली दोन्ही जिल्हे आरामात बसतात. त्यातही किंचित फरक असतो, आपल्या भागात हेक्टरमागं ७-८ चौरस मीटर कमी. तेवढ्यावरून कोणी कोर्टात जाणार नाही.

आणि हे ‘रीप्रोजेक्ट लेअर’ वापरूनच करायचं. लेअरवर राइट क्लिक करून नुसता सीआरएस बदलला तर पाटी बदलते, आकडे जुनेच राहतात. मग गाव समुद्रात नाहीतर आफ्रिकेकडं जाऊन बसतं आणि लोक सॉफ्टवेअरला शिव्या घालतात.


माणदेशी गडी (म्हसवड)

आमच्या माणात पाण्याचा पत्ता नाही आणि तुम्ही पुराचे नकाशे करताय. नशीब बघा राव.

कालव्याच्या दोन्ही अंगचा गट एकच ठेवा. सातबारा एक, तर तक्त्यातली ओळ एकच. ‘अॅड पार्ट’ करून दुसरा तुकडा त्याच गटाला जोडता येतो, त्याला मल्टिपॉलिगॉन म्हणतात. दोन वेगळे केलेत तर पुढं गटांची संख्या मोजताना एक जास्त येईल आणि तलाठी भाऊसाहेब तुमच्याकडं बघत बसतील.

विहिरीसाठी पॉलिगॉनला भोक पाडू नका बरं का. लई जण पाडतात. विहीर त्या गटातच असते, क्षेत्रातही धरलेली असते. तिचा वेगळा पॉइंट लेअर करा.


साखळी-आणे (वाई)

धागा उशिरा वाचला. वरचं सगळं बरोबर आहे, पण मला ही पद्धतच पटत नाही. थोडं लांबण लागेल.

बांध एकच असतो, रान दोघांचं. पॉलिगॉन काढायला बसलात की तोच बांध दोनदा साठवला जातो, एकदा या गटाच्या कडेला, एकदा त्या गटाच्या. शेपफाइल असो की जिओपॅकेज (नकाशा साठवायचे फाइलप्रकार), आत प्रत्येक पॉलिगॉन आपापली पूर्ण कड घेऊन बसलेला असतो आणि शेजारी कोण आहे याचा त्याला पत्ताही नसतो. स्नॅपिंग, ओव्हरलॅप टाळणं ही सगळी त्या दोन कडा एकमेकींवर बसवायची धडपड. बसतातही बऱ्यापैकी. पण ‘अव्हॉइड ओव्हरलॅप’ फक्त चढलेला भाग कापतं, राहिलेली फट ते भरत नाही. शिवाय पहिला गट चुकीचा असला तर दुसरा त्याच्याच मापानं कापला जातो, तिसरा दुसऱ्याच्या. ओळीनं सगळे सरकतात.

मी गावनकाशा करताना पॉलिगॉन काढतच नाही. लाइन लेअर घेतो आणि बांध काढतो. फक्त बांध, शीव, ओढ्याच्या आणि पाणंदीच्या दोन्ही कडा. प्रत्येक रेषा एकदाच. स्नॅपिंग चालू असतंच. रेष दुसऱ्या रेषेला मिळते तिथं हातभर पुढं गेली तरी चालते, अलीकडं राहिली तर मात्र चालत नाही. नंतर ‘स्प्लिट विथ लाइन्स’ त्याच लेअरवर त्याच लेअरनं चालवायचं, म्हणजे प्रत्येक फुलीवर रेषा तुटतात. मग प्रोसेसिंगमधलं ‘पॉलिगोनाइज’. सगळे बंद आकार एका दमात पॉलिगॉन होऊन येतात. दोन गटांमधली कड त्याच रेषेवरून दोघांनाही मिळाल्यामुळं फट पडायला जागाच राहत नाही.

गट नंबर वेगळ्या पॉइंट लेअरमध्ये. नकाशावर जिथं नंबर छापलाय तिथं टिंब ठेवायचं आणि नंबर लिहायचा. मग ‘काउंट पॉइंट्स इन पॉलिगॉन’. प्रत्येक पॉलिगॉनमध्ये एकच टिंब आलं पाहिजे. शून्य आलं तर एकतर ती रेघोट्यांत तयार झालेली कपची आहे, नाहीतर गट नंबर नसलेली जागा. दोन आली तर मधला बांध राहिलाय किंवा रेष अलीकडंच थांबलीय. ही तपासणी मला फटी आणि ओव्हरलॅप शोधणाऱ्या टॉपोलॉजी चेकरपेक्षा उजवी वाटते, कारण ती नकाशाशी बोलते, नुसत्या भूमितीशी नाही. सगळं जुळलं की ‘जॉइन अॅट्रिब्यूट्स बाय लोकेशन’नं नंबर पॉलिगॉनला चिकटवायचे.

कालव्याच्या पलीकडच्या तुकड्यातही तोच नंबर घालून टिंब ठेवा. शेवटी गट नंबरवर ‘डिझॉल्व्ह’ केलं की माणदेशींनी सांगितलेला मल्टिपॉलिगॉन आपोआप होतो. नंबर नसलेल्या जागा डिझॉल्व्हच्या आधी बाजूला काढा, नाहीतर त्या सगळ्यांचा मिळून एकच मोठा पॉलिगॉन होईल.

बेरीज जुळत नाही म्हणालात. गावठाण, ओढा, पाणंद, रस्ता, कालवा यांचे पॉलिगॉन केलेत का? गटांची बेरीज म्हणजे गाव नव्हे. रिकामी जागा ठेवलीत तर टॉपोलॉजी चेकर तिला फट म्हणेल आणि खरी फट त्या गर्दीत हरवेल. गावाच्या शिवेच्या आत कुठलीही जागा बेवारस नको.


नकाशेवाला

मान्य, पण शंभरेक गट असलेल्या गावाला ठीक. हजारभर असले आणि मधे काही पोटहिस्से पडायचे असले तर शेवटी पॉलिगॉनवरच काम करावं लागतं. ‘स्प्लिट फीचर्स’ करताना दोन्ही तुकड्यांना जुन्या गटाचं क्षेत्र जसंच्या तसं मिळतं हे लक्षात ठेवा. हातानं भरलेला क्षेत्राचा रकाना असेल तर बेरीज फुगते.


साखळी-आणे

पोटहिस्से पडले तरी मी रेषांच्या लेअरमध्ये एक रेष वाढवतो आणि पॉलिगोनाइज परत चालवतो. मिनिटाचं काम. पॉलिगॉन हे तयार होणारं फळ, हात लावायचा तो रेषांना. हा माझा हट्ट म्हणा हवं तर.

पॉलिगॉनवरच काम करायचं असेल तर निदान टॉपोलॉजिकल एडिटिंग विसरू नका. एका लांब गटाच्या बांधाला पलीकडून दोन छोटे गट टेकतात, तिथं छोट्या गटांचा कोपरा असतो पण लांब गटाच्या कडेवर बिंदू नसतो. आज सरळ दिसतं. उद्या कोणी तो कोपरा जरा हलवला की छोटे दोन सरकतात, लांब तिथंच राहतो, आणि सुईसारखी फट उघडते. टॉपोलॉजिकल एडिटिंग चालू असलं तर काढतानाच लांब गटावरही बिंदू पडतो.


कृष्णाकाठ

साखळी-आणे साहेब, रेषांची पद्धत एका कोपऱ्यावर करून बघितली. कपच्या गेल्या! आता सगळंच परत रेषांनी करतो.

३२६४३ मध्ये आणल्यावर दोन्ही आकडे जुळले. पण सातबाऱ्यावरच्या क्षेत्राशी अजून काही गट जुळत नाहीत. एक-दोन गुंठे इकडं तिकडं.


साखळी-आणे

ते जुळणारही नाहीत, जुळवायच्या नादी लागू नका. स्कॅन केलेल्या नकाशावर प्रमाण काय लिहिलंय?


कृष्णाकाठ

१ इंच = २० साखळ्या.


साखळी-आणे

साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. आपला गुंठा त्यातूनच आला, ३३ गुणिले ३३, म्हणजे १०८९ चौरस फूट. तर २० साखळ्या म्हणजे ६६० फूट, आणि नकाशाचं प्रमाण झालं १ ला ७९२०. कागदावरचा एक मिलिमीटर रानात आठ मीटर! शाईची रेष अर्धा मिलिमीटर जाड धरा. तुम्ही त्या रेषेच्या अलीकडच्या कडेवर क्लिक केलं की पलीकडच्या, यात चार मीटर गेले. एक एकराच्या चौकोनी रानाची बाजू ६३-६४ मीटर. एकच कड चार मीटर सरकली तर अडीच गुंठे हलतात. त्यात कागद आकसलेला, घडीवर फाटलेला, जिओरेफरन्सिंगची चूक वेगळीच.

तुमचे एक-दोन गुंठे म्हणजे नकाशाच्या मानानं उत्तम काम झालंय.

म्हणून रकाने दोन ठेवा. एक सातबाऱ्यावरचं क्षेत्र, हेक्टर-आर मध्ये, जसं छापलंय तसं. दुसरं नकाशावरून मोजलेलं. त्याला दशांशानंतरचे आकडे ठेवू नका, लोक त्यावर विश्वास ठेवतात. आणि नकाशाच्या कोपऱ्यात ठळक लिहा की हा हद्दीच्या वादासाठी नाही. हद्द ठरवायची तर भूमी अभिलेखची मोजणी आणि तिची ‘क’ प्रत, सॉफ्टवेअर नाही.


गावभागकर (सांगली)

पुराचा विषय निघालाय म्हणून घुसतो. मी सांगली शहराचा करतोय. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, तर ४०, ४५, ५०, ५५ फुटांना पाणी कुठवर येतं असे चार पॉलिगॉन आहेत. एकावर एक ठेवले की सगळ्यांत मोठा बाकीच्यांना झाकतो. आणि बाधित क्षेत्र काढलं तर बेरीज शहरापेक्षा मोठी यायला लागली.


नकाशेवाला

५५ फुटांच्या पॉलिगॉनमध्ये ५०, ४५, ४० चं पाणी आलंच की. तोच गावभाग चार वेळा मोजला जातोय. ‘डिफरन्स’ वापरा. ५५ मधून ५० वजा, ५० मधून ४५ वजा. मग मध्ये भोक असलेले पट्टे मिळतील, एकमेकांवर न चढणारे. त्यांची बेरीज करायला हरकत नाही.

पण मूळचे चार जपून ठेवा. ‘५० फुटांना माझं घर पाण्यात जातं का’ या प्रश्नाला अख्खा पॉलिगॉनच लागतो, पट्टा नाही. तिथं एकमेकांवर चढणं ही चूक नाही, पाणी तसंच चढतं. सरसकट सगळ्या लेअरला ओव्हरलॅपबंदी लावायची नसते.

रंगासाठी: मोठा खाली, छोटा वर असा क्रम लावा. आणि शहराच्या हद्दीबाहेरचं फिकट करायचं असेल तर हद्दीच्या लेअरला ‘इन्व्हर्टेड पॉलिगॉन्स’ लावून बघा. तो आकाराच्या बाहेरची जागा रंगवतो.


शिवसागर (पाटण)

मी ओपनस्ट्रीटमॅपवर (लोकांनी मिळून केलेला खुला नकाशा) काम करतो, तिथली गंमत सांगतो. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये पॉलिगॉन असा प्रकारच नाही! बिंदू, रेषा आणि त्यांना एकत्र बांधणारं रिलेशन, एवढंच. बंद रेषेला तळे, इमारत असा टॅग लावला की ते क्षेत्र धरलं जातं. एका रेषेत २००० पेक्षा जास्त बिंदू चालत नाहीत. कोयनेच्या जलाशयाची कड इतकी फाटे फुटलेली आहे की असं पाणी काढायचं तर अनेक रेषा जोडून मल्टिपॉलिगॉन रिलेशन करावं लागतं, बाहेरच्या कडेला आउटर आणि बेटांना इनर. साखळी-आणे म्हणतात ती पद्धत तिथं मुळातच आहे. काठाची एक रेष पाण्यालाही लागू आणि पलीकडच्या जंगलालाही.

तरी मी स्वतः रानाची कड पाण्याच्या कडेला चिकटवत नाही. मे महिन्यात पाणी कुठल्या कुठं गेलेलं असतं. कडा चिकटवल्या की एकाची दुरुस्ती करताना दुसरा ओढला जातो.


साखळी-आणे

बांधाची गोष्ट वेगळी, पाण्याच्या कडेची वेगळी. बांध उन्हाळ्यात सरकत नाही. (शेजारी सरकवतो, पण ते नकाशात येत नाही.)


माणदेशी गडी

हाणला!


कृष्णाकाठ

बांधांचं काम संपलं. टिंबांची तपासणी केली तर दोन ठिकाणी दोन-दोन टिंबं निघाली, दोन्ही ठिकाणी बांध नकाशाच्या घडीत गेला होता. आता पुराचं.

सेंटिनेल-१ या उपग्रहाच्या रडार चित्रावरून पाण्याचा भाग वेगळा काढून पॉलिगॉन केला. त्याची कड जिन्यासारखी पायऱ्यापायऱ्यांची आलीय. गुळगुळीत करू का? आणि गटांशी ‘इंटरसेक्शन’ (दोन्हींचा सामाईक भाग) केलं तर ‘इनव्हॅलिड जॉमेट्री’ म्हणून मध्येच थांबतं.


नकाशेवाला

थांबतं कारण रडारवाल्या पॉलिगॉनमध्ये कुठंतरी कड स्वतःलाच छेदतेय. पिक्सेल कोपऱ्याला कोपरा लागून असले की असं होतं. आधी ‘फिक्स जॉमेट्रीज’ चालवा. ‘इनव्हॅलिड दुर्लक्ष करा’ असाही पर्याय आहे, तो घेऊ नका. काम पुढं जातं, पण काही गट गुपचूप गळतात.

गुळगुळीत करू नका. तो पिक्सेल १० मीटर गुणिले १० मीटर, म्हणजे बरोबर एक आर, जवळपास आपला गुंठाच. कड किती खरी आहे ते पायऱ्या दिसल्या की कळतं. गुळगुळीत केलीत तर लोकांना वाटेल कोणीतरी दोरी धरून मोजलंय.

इंटरसेक्शन झाल्यावर क्षेत्र परत काढायचं. जुना क्षेत्राचा रकाना नव्या तुकड्यालाही चिकटून येतो. अर्धा एकर भिजला तरी पूर्ण गटाचं क्षेत्र दिसेल. पंचनाम्याला हाच आकडा गेला तर बघा काय होतं ते.


गावभागकर

आणि उसाचं लक्षात घ्या. रडारला उघडं पाणी काळं दिसतं, पण उभ्या उसात पाणी असलं तर लाटा उसाच्या कांड्यांवर आणि पाण्यावर आपटून परत येतात, त्यामुळं तो भाग उजळ राहतो. तुमच्याकडं नदीकाठ म्हणजे सगळा ऊसच. रडारवरच राहिलात तर नेमके भिजलेले फड कोरडे दाखवाल.


कृष्णाकाठ

हे महत्त्वाचं सांगितलंत. वस्तीवरच्या भिंतींवर आणि विजेच्या खांबांवर पाण्याच्या खुणा आहेत, माणसंही सांगतात. त्या खुणांचे पॉइंट घेतो, आणि उसाचे गट वेगळे दाखवून तिथं गावाची खूण खरी धरतो. नकाशावर ‘उपग्रहावरून’ आणि ‘गावाच्या सांगण्यावरून’ असे दोन वेगळे रेघांचे भराव देतो.

अजून एक बारकं: इंग्रजी एलसारख्या आकाराच्या गटाचा नंबर शेजारच्या गटात छापला जातोय.


माणदेशी गडी

लेबलच्या प्लेसमेंटमध्ये ‘फोर्स पॉइंट इनसाइड पॉलिगॉन’ची खूण करा. मध्यबिंदू आकाराच्या बाहेर पडतो म्हणून तसं होतं.

आणि शेपफाइल करून कोणाला देऊ नका हात जोडतो. रकान्याचं नाव १० बाइटचं, देवनागरीचं एक अक्षर ३ बाइट खातं. ‘गटक्रमांक’ लिहिलंत तर ‘गटक’ उरतं. सोबतची सीपीजी फाइल (अक्षरं कशी वाचायची ते सांगणारी) गळाली तर नावांच्या जागी अगम्य चिन्हं दिसू शकतात. जिओपॅकेज द्या, एकच फाइल, नावं शाबूत.


ओढ्यापलीकडचा (ता. पलूस)

कृष्णाकाठ दादा, आम्ही तुमच्या शिवेला लागूनच. आमच्या गावाचंही हेच काम पोरांनी काढलंय. तुमची शिवेची रेष मिळाली तर आम्ही ती परत काढत नाही, नाहीतर दोन गावांच्या मध्ये फट पडायची.


कृष्णाकाठ

रेषांची जिओपॅकेज व्यक्तिगत निरोपात पाठवतो. ३२६४३ मध्ये आहे. ओढ्याकडची शीव आमच्या नकाशावर शाई सांडल्यानं नीट दिसत नाही, तेवढा भाग मी तुटक रेषेनं ठेवलाय. तुमच्या नकाशावर स्वच्छ असेल तर तुमची रेष धरू, मी माझी काढून टाकतो आणि पॉलिगोनाइज परत चालवतो.